सरांचं मराठी कुणाला कळत नाही

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आमचे सर अजून आहेत. रोज सकाळी तंजावरच्या मोठ्या कालव्याच्या काठाने हात मागे बांधून फिरतात, तेव्हा ती अडचण मला नाही. त्यांना मी अजून अहो-जाहो करते, ती सवय आहे. आदर म्हणाल तर तो मी एका सेमीफायनलच्या दिवशी दहीभाताच्या पातेल्यापाशी सोडून आले.

सर म्हणजे बास्केटबॉलचे कोच. तंजावरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांतलेच, आमच्याच गल्लीत चार दारं सोडून राहणारे. मी सहावीत असताना मला गल्लीत पळताना पाहून त्यांनी आमच्या दारातूनच आईला सांगितलं, "ही पोर मला द्ये. उंची नाही, पण डोळे चहूंकडे अहात." आईने दिली. मला पॉइंट गार्ड त्यांनी केलं, म्हणजे जिच्या हातून खेळ सुरू होतो आणि बाकीच्या चौघी जिच्याकडे बघून धावतात ती. हे उपकार मी नाकारत नाही. उपकार आहेत म्हणून तर एवढा राग आहे. परक्याने केलं असतं तर एव्हाना दोन शिव्या देऊन विसरून गेले असते.

दिसायला बुटके. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात स्पोर्ट्‌स शूज, गळ्यात शिट्टी. शिट्टी कधी वाजवली नाही, ती म्हणे पोलिसांनी वाजवायची. पुढे लीगवाल्यांनी कोचला ट्रॅकपँट सक्तीची केली तर यांनी ट्रॅकपँट घातली आणि तिच्यावर वेष्टी नेसली. नियम मोडला का? नाही. कुणाचं ऐकलं का? तेही नाही. असा माणूस.

पोरींना थंड पाणी बंद. हिंग घातलेलं ताक प्यायचं. कितीही उकडत असो, ताकच. आणि चेंडूबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य: "बॉल म्हणजे पाहुणा. पाहुण्याला घरांत कोंडायचें नाही, पुढच्या घरीं पोचवायचें." मी चेंडू जरा जास्त वेळ थापटत राहिले की लगेच बाजूने आवाज यायचा, "पाहुण्याला सोड गे!"

मॅचच्या आधी दहीभात. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस सगळ्यांना गोल बसवून तळहातावर भाताचे गोळे देतं, तसा. सर स्वतः मोठ्या पातेल्यात कालवायचे, आलं, कढीपत्ता, मोहरीची फोडणी, आणि एकेकीच्या तळहातावर गोळा ठेवून अंगठ्याने त्याला खळगा पाडायचे आणि त्यात लोणच्याचा खार. जिच्यावर रागावले असतील तिच्या तळहातावरून त्यांचा हात नुसता पुढे जायचा. ती आज बाहेर बसणार हे न बोलता कळायचं. सहा सहा फुटी पोरी त्या रिकाम्या हाताकडे बघून रडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता त्यांची खरी खोड सांगते. तशी ती आमच्या सगळ्याच लोकांना असते, सरांना जरा जास्त. तंजावरात मराठी म्हणजे आमची उंबऱ्याच्या आतली भाषा. बाहेर सगळं तमिळ. त्यामुळे बाजारात, बसमध्ये, डॉक्टरकडे आम्ही समोरच्या माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल बिनधास्त मराठीत बोलतो. "वांगीं किडकीं अहात, नको" हे वांगीवाल्याच्या नाकासमोर, मोठ्याने. आजवर कुणी पकडलं नाही, म्हणून कधीच कुणी पकडणार नाही, असा आमचा हिशेब.

एकदा ओरत्तनाडूला शाळेची मॅच होती. आम्ही सगळ्या पोरी सरांबरोबर बसने निघालो. सरांनी आधी बसभर नजर फिरवली. आपल्यातलं कुणी नाही याची खात्री करून घेणारी ती नजर मी पुढेही खूपदा पाहिली. मग मला म्हणाले, "ह्या कंडक्टराचें पोट पाहा गे. इंजिन बसच्या पुढें नाही, ह्याच्या शर्टांत अहे." कंडक्टरने तिकिटं फाडली आणि शांतपणे, आमच्याच मराठीत म्हणाला, "मामा, पोट माझें, तिकीट तुमचें. सुटे पैसे द्या."

आम्ही फुटलो हसून. सर खिडकीबाहेर भाताची शेतं बघत बसले. उतरल्यावर मला म्हणाले, "निम्मेंच कळलें त्याला." झालं. चूक कबूल करायची वेळ आली की हा माणूस असा निम्म्यावर यायचा. तेव्हा आम्हाला मौज वाटली होती.

माझं लग्न सांगलीच्या मुलाशी झालं. तो त्रिचीला बँकेत होता. ही देवनागरी मी लग्नानंतर सासूबाईंकडून शिकले, नाहीतर आमच्यात मराठी बोलायचं आणि लिहायचं तमिळ. लग्नात सर माझ्या सासऱ्यांना कोपऱ्यात गाठून बराच वेळ काहीतरी सांगत होते. सासरे हसून माना डोलवत होते. नंतर सासरे मला म्हणाले, "तुमचे सर फार गोड बोलतात, पण इतकं भरभर की मला काही लागलं नाही." हे मी हसत हसत सरांना सांगितलं. सरांनी ते मनात पक्कं ठेवलं. आपलं मराठी तिकडच्या मराठी माणसांनाही कळत नाही, याचा त्यांना पुरावा मिळाला. अडचण भाषेची नव्हती, भरभर बोलण्याची होती, आणि सासरे नुसते सभ्यपणे मान डोलवत होते, एवढं साधं यांच्या डोक्यात शिरलं नाही.

मग बायकांची व्यावसायिक लीग आली. आमच्या शहराला टीम मिळाली, सर कोच झाले, मी पॉइंट गार्ड. आणि सरांनी डाव टाकला. मॅच चालू असताना बाजूने ओरडून सांगायचं ते सगळं मराठीत. तमिळ समोरच्यांना कळतं, इंग्रजी, हिंदी सगळ्यांना कळतं. त्रिचीची, मदुराईची, पंजाबची, सगळ्या पोरींना सरांनी मराठी शब्द घोटवून घेतले. "उजवेकडून." "मागून ये." "आंत द्ये." आमची उंच सेंटर सेल्वी, मदुराईची, तिला "सेल्वीला द्ये" एवढं ऐकलं की अंगात यायचं. मी म्हटलं, "सर, सरळ सरळ काय सांगता? निदान खुणेचे शब्द ठेवू." सर म्हणाले, "आपली भाषा हीच खूण."

खोटं कशाला बोलू, साखळी सामन्यांत ते चाललं. समोरच्या टीमा गांगरून जायच्या. सर ओरडणार, आमच्या पाचही जणी एकदम वळणार, आणि त्या नुसत्या बघत राहणार. सर फुगून टुम्म. कुणी विचारलं की म्हणायचे, "माझें मराठी कुणाला कळत नाही," जसं काही ती भाषा त्यांनीच शोधून काढली होती.

सेमीफायनल तीन मॅचची होती, दोन जिंकेल ती टीम फायनलला. समोर पश्चिमेकडची टीम. पहिली मॅच तंजावरात, आमच्या हॉलमध्ये, आमच्या लोकांसमोर, आणि आम्ही सपाटून हरलो. सर "उजवेकडून" म्हणेपर्यंत त्यांच्या दोघी उजवीकडे पोचलेल्या. "सेल्वीला द्ये" म्हटलं की सेल्वीच्या अंगाला तिघी चिकटलेल्या. मी पास टाकते तर तिथे आधीच कुणाचा तरी हात. असं वाटत होतं की मी काय करणार हे मला कळायच्या आधी त्यांना कळतंय.

मॅच संपल्यावर हॉलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांची फिजिओ फोनवर बोलत होती. "आई, जेवलीस का?" मी थबकले. फोन ठेवल्यावर विचारलं, तर सांगलीची! माझ्या सासरच्या गावची. मला इतका आनंद झाला की हरल्याचं दोन मिनिटं विसरले. आणि ती हसून म्हणाली, "अगं, तुमचे सर काय सुंदर बोलतात! माझी पणजी असं बोलायची. मी बेंचवर बसून ऐकत होते आणि आमच्या कोचना सांगत होते." पोरगी निर्मळ मनाने बोलली. मला अडलेला एकेक पास आठवला.

दुसऱ्या दिवशी टीमच्या नाश्त्याला मी सरांना गाठलं. टेबलावर सेल्वीही होती, इडली खात. सवय कुठे जाते, मी मराठीतच बोलले. "सर, त्यांची फिजिओ सांगलीची आहे. तुमचं ओरडणं तिला सगळं कळतं. ती त्यांच्या कोचला सांगते. पुढच्या मॅचला मराठी बंद करा."

सर कॉफी निववत होते, वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत. म्हणाले, "कळणार नाही. तुझ्या सासऱ्याला कोठें कळलें?"

"सर, ते वेगळं होतं. 'उजवेकडून' कुणालाही कळेल."

"निम्में कळत असेल."

"निम्मं पुरतं, सर!"

सेल्वीने वर बघितलं, आम्ही भांडतोय एवढं तिला समजलं, आणि तिने चटणी मागितली. ती चटणी मागतानाची सेल्वी मला अजून दिसते. समोर साक्षीदार बसलेला होता आणि त्याला एक शब्द कळत नव्हता.

पुढच्या दोन्ही मॅच त्यांच्या गावी होत्या. दुसऱ्या मॅचला सर पुन्हा मराठीतच ओरडू लागले. हट्टाने, आणखी मोठ्याने. मी काय करणार? हरलो तर घरी जायचं होतं. मी ठरवलं, सर म्हणतील त्याच्या उलट. सर ओरडले "उजवेकडून", त्यांच्या दोघी उजवीकडे सरकल्या, मी डावीकडून आत. सर ओरडले "सेल्वीला द्ये", तिघी सेल्वीकडे धावल्या, मी बाहेरूनच शॉट मारला. पहिला बास्केटमध्ये पडला, दुसरा पडला, मग पडतच गेले. असं मी आयुष्यात पुन्हा खेळले नाही. सेल्वी आत हात वर करून उभी राहायची आणि मी तिच्याकडे बघायचेही नाही, कारण तिचं तिथे उभं राहणं हेच आमिष होतं. सर बाजूने लालबुंद होऊन "पाहुण्याला कोंडलेंस गे!" म्हणून किंचाळत होते. शेवटच्या मिनिटापर्यंत ताणली मॅच, पण जिंकलो.

मला वाटलं, आता तरी सर पाठीवर हात ठेवतील.

तिसऱ्या मॅचच्या सकाळी हॉटेलात मीटिंग. सगळी टीम, मॅनेजर, आणि सर. सर तमिळमध्ये बोलले. लक्षात ठेवा, तमिळमध्ये. एकेक शब्द सावकाश, सगळ्यांना कळावा असा.

"पहिल्या मॅचला आपले डाव त्यांना आधीच माहीत होते. कसे? दुसऱ्या मॅचला हिने माझा एकही डाव खेळला नाही आणि एकटी हिरॉइन झाली. कशी? हिचं सासर तिकडचं. त्यांच्या फिजिओशी कॉरिडॉरमध्ये हसत बोलत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा विकायचं आणि मग आपणच वाचवायचं. खापर कोचवर."

मला आधी कळेचना की हे माझ्याबद्दल चाललंय. कळलं तेव्हा मी उभी राहिले. "सर, मी तुम्हाला नाश्त्याला सांगितलं! फिजिओला मराठी कळतं, मराठी बंद करा म्हणून सांगितलं! सेल्वी होती तिथे!"

सगळ्यांनी सेल्वीकडे बघितलं. सेल्वी म्हणाली, "अक्का, तुम्ही दोघं मराठीत बोलत होतात. मला काय कळणार?" आणि मग खाली बघत, "काल तुम्ही मला एकदाही चेंडू दिला नाहीत."

मी सरांकडे वळले. "सर, तुम्ही सांगा. मी बोलले की नाही?"

आणि सर म्हणाले, "मला हिने काही सांगितलेलं नाही."

निम्मंसुद्धा नाही. काहीच नाही! जिच्याशी बोलले म्हणून मला कळलं, तिच्याशी बोलणंच उचलून माझ्या गळ्यात फास म्हणून घातलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.  "त्या फिजिओला विचारा" म्हटलं, तर मॅनेजर हसला. समोरच्या टीमला साक्षीला कोण बोलावतं?

दुपारी दहीभाताला मी गोलात जाऊन बसले. का बसले, देव जाणे. हात पुढे केला. सरांचा हात माझ्या शेजारणीच्या तळहातावर आला, मग माझ्यावरून सरळ पुढच्या पोरीकडे गेला. मी रिकामा हात मांडीवर ठेवला आणि सगळ्यांचं खाणं होईपर्यंत तशीच बसून राहिले.

आता ऐका खरी गोष्ट. त्या मॅचला सर एक शब्द बोलले नाहीत. मराठी नाही, तमिळ नाही, काही नाही. आयुष्यात कधी गप्प न बसलेला माणूस मुक्यासारखा उभा. सकाळी मला खोलीवर पाठवून त्यांनी पोरींना खुणा शिकवल्या होत्या. कान ओढला की उजवीकडून, वेष्टी खोचली की सेल्वीला. म्हणजे त्यांना पटलं होतं! माझं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं, म्हणून तर तोंड बंद ठेवलं! मी बाकावर बसून त्यांचा तो ओढून ओढून लाल झालेला कान बघत होते आणि माझ्या हाताच्या मुठी वळत होत्या. त्यांची फिजिओ समोरून बावरून बघत होती. तिच्या कोचला सांगायला आता तिच्याकडे काही नव्हतं.

आम्ही जिंकलो. आणि जिंकलो म्हणूनच मी मेले. मला बाहेर बसवलं आणि जिंकले, आणखी पुरावा काय हवा? हरले असते तर एखादीला तरी शंका आली असती. फायनल हरलो, ती कुणाच्या लक्षातही नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की तंजावरच्या पॉइंट गार्डने सासरच्यांना डाव विकले.

पुढच्या हंगामात मला एकाही टीमने घेतलं नाही. माझं खेळायचं वय होतं, हात चालत होता, गुडघे शाबूत होते. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सेल्वीचे फोन बंद झाले. बाजारात एका ओळखीच्या बाईने विचारलं, "ती मॅचची भानगड, ती तूच का गं?" आता मी ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका शाळेत पीटी शिकवते. पोरी चांगल्या आहेत. पण मैदानात कुणी टाळी वाजवली की अजून छातीत लागतं.

गेल्या महिन्यात टीमच्या मालकांनी सरांचा सत्कार ठेवला. सरांचा निरोप आला, "ये. बोलायचें अहे." मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, "जा. कदाचित सगळ्यांसमोर सांगतील." मीही तीच आशा धरून गेले, तो सोबत आला. हॉल भरलेला. जुन्या खेळाडू, सेल्वी, मॅनेजर, फोटोवाले. सर माईकपाशी गेले, ट्रॅकपँटवर वेष्टी. तमिळमध्ये बोलले, विनोद केले, ताकाबद्दल सांगितलं, कान ओढायच्या खुणांबद्दल सांगितलं. लोक हसून लोटपोट.

मग ते थांबले. हॉलभर नजर फिरवली. ती नजर मी ओळखली, ओरत्तनाडूच्या बसमधली. आमच्यातलं तिथे कुणी नव्हतं, मी आणि माझा नवरा सोडून. आणि सर माझ्याकडे बघून, माईकवर, मराठीत म्हणाले, "पोरी, तूं सांगितलेंस तें खरें होतें. मला तेव्हांच कळलें होतें. तुझा कांहीं दोष नव्हता. माझें चुकलें."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा मातृभाषेत आशीर्वाद देतोय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं. नवरा ताडकन उभा राहिला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. नवऱ्याची साक्ष कोण धरतं? मी स्वतः उठले आणि तमिळमध्ये, जमेल तितक्या मोठ्याने म्हटलं, "सर, हेच तमिळमध्ये सांगा."

 सरांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. मग हसले आणि तमिळमध्ये म्हणाले, "बघा, अजून तशीच आहे. भूक लागली की ओरडते. आणा रे दहीभात!"

हशा. केवढा हशा!

मागच्या ओळीतून सेल्वी पुढे वाकली. "अक्का, सर काय म्हणाले मराठीत?" मी तिला शब्दन् शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं, स्टेजकडे बघितलं, तिथे सर मालकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. सेल्वी म्हणाली, "खरंच असं म्हणाले? पण अक्का, ते तर हसतायत."

फोटोसाठी पातेलं आणलं होतं. सगळ्या जुन्या पोरी रांगेत, तळहात पुढे. नवऱ्याने नको म्हटलं तरी मी रांगेत उभी राहिले, मला ते जवळून बघायचे होते. सर गोळे ठेवत ठेवत माझ्यापर्यंत आले. हातातला गोळा पुढे करून हळूच म्हणाले, "सांगितलें की गे. सगळ्यांसमोर सांगितलें."

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर नाही, सर. फक्त माझ्यासमोर."

हे मी तमिळमध्ये म्हटलं. शेजारच्या दोघींनी माना वळवून आमच्याकडे बघितलं. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मी हात पुढे केला नव्हता. गोळा त्यांनी पुढच्या पोरीच्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने त्याला नीट खळगा पाडला.